उजवी कळी

सगुणाआत्याच्या सुपाचा आवाज मला अजून ऐकू येतो. माघातल्या कोवळ्या उन्हात ती ज्वारी पाखडत असे, तेव्हा फोलकटांचा सोनेरी धुरळा तिच्या पांढऱ्या केसांवर उतरे आणि सूप श्वासासारखे वर जाई, खाली येई. एका वर्षी ती लय अडखळू लागली. उजवा हात अर्ध्यावर थबके. ओठ घट्ट मिटून ती पुन्हा सूप उचले. उजव्या स्तनात, काखेच्या बाजूला, एक टणक गाठ धरली होती.

आई गेल्यावर याच विधवा आत्याने मला वाढवले. निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षे. वडीगोद्रीहून बैलगाडीने मी तिला जालन्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, कर्करोग आहे; स्तन काढला तर वाचण्याची आशा आहे, पण उशीर नको. परतीच्या वाटेवर आत्या मात्र हसली.

"साठी उलटली, आता कुणाला पाजायचंय मला? काढू दे की! जगले तर तुझे लेकरं खेळवीन."

"अन् चाकूखालीच गेलीस तर?"

"मंग देवीला विचारू. ती हो म्हणली की जल्दी गाडी जुंप. भित्रा कुठला!"

देवीला विचारणे म्हणजे कौल लावणे. मूर्तीच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. थकलेल्या गुरवाचे हात कापत, म्हणून त्याने कळ्या माझ्याकडे दिल्या. आत्या पदर पसरून, डोळे मिटून उभी होती. समईच्या उजेडात तिच्या चेहऱ्यावर भयाची रेषाही नव्हती. तिचे सारे भय जणू माझ्या अंगात उतरले होते. नैवेद्यातला ओला गूळ बोटावर घेऊन मी उजवी कळी चिकटवली.

डावी पडली.

"न्हाई म्हणली," आत्या पुटपुटली आणि तिने पदर आवरला.

मला वाटले, मी तिला चाकूपासून वाचवले. देवीच्या शब्दाबाहेर गेली नाही, म्हणून गाव तिला आजही वाखाणते. ते खरे नाही. तिला जगायचे होते, आणि देवीने तिला नाही म्हटले नव्हते.

गाठ वाढली, फुटली. वेदनेहूनही एक प्रश्न तिला अधिक पोखरू लागला: देवी का रुसली? आपला अपराध तिला आठवेना, म्हणून श्रावणातल्या राखाडी दुपारी काठी टेकीत ती दारोदार माफी मागत हिंडू लागली.

"सगुणाबाई, तुम्ही कुणाचं काय केलं वो?" शेजारणी म्हणत.

"केलं असंल माय, ध्यानात न्हाई."

खरे सांगावे असे रोज ओठांवर येई आणि रोज मी ते गिळून टाकी. तोवर दवाखान्याची वेळही टळून गेली. शेवटी तिने मला उशाशी बसवले. माझ्या मनगटावर ठेवलेल्या तिच्या हाताला वजनच उरले नव्हते.

"लहानपणी मारलं असंल तुला, उपाशी निजवलं असंल. माफ कर, लेका."

"माफ केलं, आत्या," मी म्हणालो.

तिला जाऊन आता एक आयुष्य लोटले. काळाने तिचा चेहराही पुसट करत आणला आहे. पण निरपराध माणसाला मी दिलेली ती क्षमा तो काही माझ्याकडून परत घेत नाही.