उष्णतेचं वर्ष

नीलाबाईंची लुगडी वाटायची वेळ आली तेव्हा ट्रंक उघडायचं काम शिवकांताकडेच आलं. लेक म्हणून तो मान तिचा. नीलाबाईंच्या मरणानंतरची शिवगणाराधना होऊन दोन दिवस झाले होते. जंगमस्वामी जेवून गेले, पाहुणे पांगले, आणि देवणीच्या पुढच्या त्या गावातल्या घरात त्यांची गावातच दिलेली धाकटी बहीण गौरम्मा, शेजारच्या केवळाबाई आणि शिवकांता एवढ्याच बायका उरल्या. शिवकांता नांदेडला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. तिची रजा अजून चार दिवस होती.

ट्रंकेत वर पाच इरकली लुगडी होती, त्यातल्या दोन लुगड्यांची तर घडीही मोडलेली नव्हती. खाली, डांबरगोळ्यांच्या वासात, जुन्या सुती लुगड्यांचे धडपे होते. धुऊन धुऊन इतके मऊ झालेले की हातात काही धरलंय असं वाटू नये.

"चिक्कव्वा, तुला कुठलं पाहिजे ते आधी घे," शिवकांता म्हणाली. सीमेपलीकडची कानडी त्या घरात अर्धी मुरलेली. आईला अव्वा आणि मावशीला चिक्कव्वा असंच सगळे म्हणत.

गौरम्माने इरकलीकडे पाहिलंही नाही. तळात हात घालून तिने धडप्यांचा गठ्ठा ओढला. "मला हे बास. वाकळ शिवीन म्हणते."

"घ्या," केवळाबाई म्हणाल्या. "नवी लुगडी सोडून चिंध्या. माणिकप्पा काय म्हणतील, मी बायकोला नेसाया घेत न्हाई व्हय?"

"त्यांचं ध्यान कुठं हाय इकडं. छावणीत बैलांपाशी बसलेत. बैलांनी खाल्लं का ते इचारतेत, मी जेवले का ते न्हाई."

तिघीही हसल्या. अव्वा गेल्यापासून शिवकांता पहिल्यांदाच हसली होती, आणि हसता हसताच तिचं लक्ष गौरम्माच्या डोळ्यांकडे गेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या दिवाळीपासून तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तांदळातला खडा दिसत नाही म्हणून सुनेची बोलणी खात होती ती.

वाकळ कशी शिवणार?

अव्वानेही शेवटची दोन वर्षं अशीच जुनेरं गोळा केली होती. नांदेडला आली की शिवकांताचे विटके परकर, उशांचे जुने अभ्रे मागून न्यायची. वाकळीला, म्हणायची. वाकळ एकही शिवली नव्हती.

*

अव्वा कशाने गेली हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पोटाचा आजार, एवढंच. दसऱ्याच्या आधी चक्कर येऊन पडली म्हणून नांदेडला आणली, तेव्हा लेडी डॉक्टरने तपासून मायलेकींना समोर बसवून सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, आणि बराच पसरला होता. किती दिवस जातंय, असं विचारल्यावर अव्वा भिंतीकडे बघत म्हणाली, "झाली की दोन वर्षं. दुष्काळाची उष्णता हाय बाई. पाणी न्हाई, ऊन लई, आंगावरून जातंच."

डॉक्टर रागावली नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि शिवकांताला सांगितलं, "पाळी बंद होऊन वर्ष झालं की ती संपली. त्यानंतर थेंबभर जरी दिसलं तरी ती परत आलेली पाळी नसते आणि उष्णताही नसते. लगेच दाखवायचं असतं. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर..." पुढचं वाक्य तिने गिळलं.

शिवकांता हे वाक्य रोज पुरं करायची. शाळेतल्या नववीच्या मुली पोट दुखतं म्हणून आल्या तर त्यांना नीट बसवून सांगणारी ती. स्वतःच्या तेरा वर्षांच्या मुलीला पाळी येण्याआधीच तिने सगळं समजावलं होतं, पुस्तकातलं चित्र दाखवून. चव्वेचाळीस वर्षांच्या तिच्या स्वतःच्या शरीराचं वेळापत्रक आता बिघडू लागलं होतं, त्यावरही ती वाचत होती. फक्त वरच्या पिढीकडे, आपल्या आईकडे वळून, तुझं कसं आहे असं विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं. पन्नाशी उलटली की बाईचं ते प्रकरण मिटलं, असं तीही इतरांसारखंच धरून चालली होती.

संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी अव्वाने तिला जवळ बोलावलं आणि तिचा हात आपल्या गळ्यातल्या लिंगावर ठेवला. "मला काय झालंय ते कुणाला सांगू नकू. मी रांडव बाई. आंगावरून जात होतं म्हटल्यावर लोक काय बी जोडतील. गौरालासुद्धा सांगू नकू."

शिवकांताने शपथ घेतली होती. चैत्रात त्याच लिंगासह अव्वाला बसत्या स्थितीत माती दिली, तेव्हा ती शपथही मातीआड गेली असं तिला वाटलं नव्हतं.

*

दुपारी चहा पिताना केवळाबाई सहज बोलून गेल्या. त्या मराठा घरातल्या. विटाळ पाळणाऱ्या.

"तुमचं बरं. तुमच्यात बाहेर बसायचं न्हाई, पूजा बी चालते. आमच्या सासूला साठीत बाहेर बसायची पाळी आली, तवा मी हसले हो. म्हटलं, म्हातारी तरणी झाली. पर घरभर कळलं. सासऱ्यानं दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपली. पिशवी काढली, वर सात वर्सं जगली."

शिवकांताने कप खाली ठेवला.

आमच्यात विटाळ नाही, हे तिने नांदेडच्या शिक्षक-खोलीत किती वेळा सांगितलं होतं. आठशे वर्षांपूर्वीच आम्ही तो नाकारला, बाईला चार दिवस कोपऱ्यात बसवणं आमच्या धर्मात नाही. ते खरंच होतं आणि चांगलंच होतं. त्या चांगल्या घरात अव्वा दोन वर्षं रोज पहाटे उठून लिंगपूजा करत होती, भाकरी थापत होती, टँकरवरून घागरी आणत होती, आणि तिच्यात काही बदललंय हे कळायला कुणाला काही कारणच नव्हतं. कोपऱ्यात बसवणारं घर हवं होतं असं शिवकांताला वाटलं नाही. पण बोलणारं घरही त्यांनी बांधलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती. गौरम्मा आपल्या दोन घागरींमागे निंबाच्या सावलीला बसली होती. शिवकांता शेजारी टेकली.

"चिक्कव्वा, तुझं अंगावरून जातं का?"

गौरम्माने आधी आजूबाजूला पाहिलं. पुढची घागर दहा हातांवर होती. "काय बोलायलीस चारचौघींत. मास्तरीण झालीस म्हणून काय बी इचारायचं?"

"वाकळ शिवायला तुला सुई दिसत नाही."

गौरम्मा पायाने माती सारखी करत राहिली. मग म्हणाली, "लई न्हाई जात. डाग पडतो. यंदाचं ऊन बघायलीस न्हवं. उष्णता हाय."

"तुझी बंद कधी झाली होती?"

"आमच्या पोराचं, सिद्धलिंगाचं लगीन झालं त्या साली. सहा वर्सं झाली."

"मग लातूरला चल. आजच."

"आज टँकर हाय."

"मग उद्या."

"उद्या सूनबाई माहेरी जाणार. परवा छावणीत भाकरी न्यायच्यात. आन जाऊन सांगू काय, म्हातारीला पाळी आली? लातूर नवा जिल्हा झाला म्हणून मी तिथल्या डॉक्टरांना असलं दाखवाया जाऊ?" ती हसायला बघत होती. "पाऊस पडला की थांबतंय बघ."

शिवकांताला आपला हात अव्वाच्या गळ्यावर, त्या चांदीच्या डबीवर, गुंडगुळीवर टेकलेला आठवला. आत लिंग. अव्वाची त्वचा तापलेली.

"अव्वाला पोटाचा आजार नव्हता," ती म्हणाली. "अव्वालाही असंच जात होतं. दोन वर्षं. ती पण उष्णता म्हणाली. पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होता, चिक्कव्वा. कुणाला सांगणार नाही अशी मी लिंगाची शपथ घेतली होती."

टँकरचा आवाज आला. बायका उठल्या, घागरी वाजल्या. गौरम्मा उठली नाही.

"अक्काला?" ती म्हणाली. "मी अक्कालाच इचारलं होतं की."

"काय विचारलं?"

"संक्रांतीला तिला बघाया आले न्हवं नांदेडला. तू चहा कराया आत गेलीस, तवा तिला सांगितलं, मला असं व्हतंय म्हणून. ती म्हणाली, गौरा, उष्णतेनं व्हतंय. धन्याचं पाणी पी, सब्जा पी. मी रोज पिते."

शिवकांताला तो दिवस लख्ख आठवला. गौरम्मा दुपारच्या मुखेड गाडीने परतली होती. त्याच संध्याकाळी अव्वाने तिचा हात ओढून घेतला होता. निदान होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. डॉक्टर काय म्हणाली ते अव्वाने शब्दाशब्दाने ऐकलं होतं, आणि तरी बहिणीला धन्याचं पाणी सांगितलं होतं.

का? बहीण घाबरून जाईल म्हणून? बहिणीच्या तोंडून ते गावात जाईल म्हणून? की बहिणीलाही तसंच होतंय म्हटल्यावर, मग ही खरंच उष्णताच असेल अशी आशा अव्वाला घटकाभर वाटली? विचारायला आता कुणी नव्हतं. शिवकांताला आईचा राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे तिने पुस्तकांत वाचलं होतं. पण त्याने हात असे गार पडतात हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

"उद्या पहिली गाडी," ती म्हणाली. "घरी सांग, डोळे दाखवायला जाते."

गौरम्माने मान हलवली. हो म्हणाली नाही. पण तिचा नंबर आला तेव्हा तिने एकच घागर भरली आणि म्हणाली, "उद्या घरात नसले तर दोन घागरी कशाला."

*

लातूरच्या त्या दवाखान्यात बाकावर त्यांच्यापुढे सात बायका होत्या. एकीच्या कडेवर तान्हं मूल, एक नवी नवरी, एक हातभर हिरव्या बांगड्यांची गरोदर पोर. सगळ्यांत म्हातारी गौरम्माच होती, आणि ते तिला टोचत होतं. दर थोड्या वेळाने ती पदर पुढे ओढत होती. "समद्या लेकुरवाळ्या," ती पुटपुटली. "मी इथं काय करायले."

"हीच जागा आहे, चिक्कव्वा. आत तुला विचारतील पाळी कधी बंद झाली, आणि नंतर कधीपासून जातंय. खरं सांग. धन्याचं पाणी नको सांगूस."

"तू आत येशील न्हवं?"

"येईन."

पाच बायका आत जाऊन आल्या. गौरम्मा बोटांवर काहीतरी मोजत होती. शिवकांताला वाटलं, महिने मोजते आहे, डॉक्टरला सांगायला. पण गौरम्मा तिच्याकडे वळली. मोतीबिंदूमागचे तिचे डोळे नीट दिसत नव्हते.

"अक्काला कवा कळलं?"

"काय?"

"कॅन्सर हाय ते. मी संक्रांतीला आले तवा ठाऊक होतं का तिला?"

नवी नवरी आत गेली. दार लोटलं गेलं. आता त्यांच्यापुढे फक्त ती गरोदर पोर होती.

शिवकांताने एक शपथ मोडली होती आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. मुली खोटं बोलताना नजर कुठे नेतात हे तिला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. म्हणून तिने नजर हलवली नाही.

"नाही," ती म्हणाली. "शेवटी कळलं. तू येऊन गेल्यावर, शिवरात्रीच्या आसपास. आधी ठाऊक असतं तर तिने तुला तिथूनच दवाखान्यात नेलं असतं."

गौरम्माने बोटं मिटून हात मांडीवर ठेवला.

"हाव," ती म्हणाली. "नेलं असतं."

नवी नवरी बाहेर आली आणि आतून नर्सने नाव पुकारलं, गरोदर पोरीचं नव्हे, गौरम्माचं. वय बघून तिला एक नंबर आधी घेतलं होतं. गौरम्माने शिवकांताचा हात घट्ट धरला आणि दोघी उठल्या.