मधली टाळी

रंगुबाईनं बोटाच्या टोकावर गूळ घेतला आणि पोरीच्या वरच्या ओठावर मधोमध चिकटवला.

"हात लावायचा न्हाई. जिभंनं काढ."

सहा वर्षांच्या विजयमालानं जीभ वर रेटली, उजवीकडं नेली, डावीकडं नेली आणि शेवटी गूळ पटकावला. मग पपईच्या देठाची नळी तांब्यात घालून बुडबुडे काढून झाले. उंबऱ्यावर ठेवलेलं कोंबडीचं पीस "पोळ" हे आडनाव म्हणत एका दमात उडवून झालं. शेवटी रंगुबाईनं कुंकवाच्या पेटीतला आरसा तिच्या नाकाखाली धरला. 'म'ला काच धुरकटली तर चाले. 'प'ला किंवा 'क'ला धुरकटली, की वारा नाकातून निसटला असं समजायचं.

पोरीची टाळू जन्मापासून फाटलेली. दीड वर्षापूर्वी मिरजेच्या दवाखान्यात ती शिवली, पण टाळू शिवली म्हणून शब्द आपोआप येत नाहीत, हे घरी आल्यावर कळलं. तिथल्या नर्सबाईंनी गुळाचा, नळीचा, पिसाचा, आरशाचा असा एकेक प्रकार करून दाखवला होता. रंगुबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं त्या सगळ्या वस्तू एका फडक्यात बांधल्या. गाठ सोडली की काय काय करायचं ते आठवे. पोर तिच्या ओठांकडं टक लावून बघायची आणि एकेक शब्द उचलायची. साऱ्या कडेगावात एवढी चिकाटी कुणा मास्तरानं दाखवली असेल तर सांगावं.

सासू जाईबाई मात्र चुलीपाशी बसून कुरकुरायची. "तोंडं वेंगाडत बसत्यात मायलेकी. नुसता गूळ संपतुया."

आज शाळेत नाव घालायचं होतं. स्वतःचं पूर्ण नाव सांगेल तेव्हा आणा, असं म्हणून गेल्या वर्षी मोठ्या गुरुजींनी परत पाठवलं होतं. गल्लीतली पोरं तिला गेंगाणी म्हणत. यंदाही जमलं नाही तर ती घरीच राहणार होती, आणि जाईबाई तिला शेळ्यांमागं धाडायला टपलेलीच होती.

"आता नाव सांग बगू."

"विजयमाला," पोर म्हणाली. तिनं एक टाळी वाजवली आणि पुढं म्हणाली, "पोळ."

'पो'ला काच स्वच्छ राहिली. रंगुबाईला इतका अभिमान वाटला, की तिनं पोरीच्या केसांना दुसऱ्यांदा तेल लावलं.

गुरुजींच्या टेबलापाशी तिघी उभ्या राहिल्या. सुनेनं एकटीनं पुरुषमाणसापुढं जाणं जाईबाईला पटत नसे, म्हणून तीही आली होती.

"पूर्ण नाव सांग, बाळ."

"विजयमाला." टाळी. "पोळ."

गुरुजींची लेखणी थांबली. "छान. आणि वडिलांचं?"

पोरीनं पुन्हा टाळी वाजवली, जरा मोठ्यानं.

तेव्हा कुठं रंगुबाईच्या ध्यानात आलं. दीड वर्ष ती पोरीला पूर्ण नाव शिकवत होती आणि नवऱ्याच्या नावाच्या जागी टाळी वाजवत होती. ते नाव तिनं आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. सासू त्याला बाळू म्हणे, आणि तो तर पलटणीत, सरहद्दीवर. आपण काही गाळतोय असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. तिच्या लेखी टाळी म्हणजेच नाव होतं.

"आकाराम," गुरुजी म्हणाले. "म्हण, आकाराम."

पोरीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ झुपकेदार मिशांखाली गेले होते. "आं-आं-आम," ती नाकातून म्हणाली. खिडकीतून डोकावणारी पोरं हसली.

गुरुजींनी हळूच वही मिटली. "पुढल्या वर्षी बघू, बाई."

रंगुबाई पोरीसमोर खाली बसली. नाकापर्यंत ओढलेला पदर तिनं मागं सारला. सासू दोन हातांच्या अंतरावर उभी होती. रंगुबाईनं बरोबर आणलेल्या फडक्याच्या गाठोड्यातून आरसा काढला, पोरीच्या नाकाखाली धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांपाशी नेलं.

"आ," ती म्हणाली. "का. राम." मग तिनं घसा साफ केला. "आकाराम."

तिची कानशिलं तापली. पण पोर ओठांवरची नजर काढत नव्हती, म्हणून तिनं मान खाली घातली नाही. ती पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा.

"आ. का. राम," पोर म्हणाली. 'का'ला काच स्वच्छ राहिली. मग तिनं गुरुजींकडं तोंड केलं. "विजयमाला..." टाळीसाठी उचललेले हात तिनं खाली घेतले. "आकाराम पोळ."

खिडकीतलं कुणी हसलं नाही. रंगुबाईनं पदर ओढून घेतला आणि सासूच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली.

जाईबाई टेबलापाशी गेली.

"आवं गुरुजी, वही मिटून काय बसलाय? लिवा की. पोरीनं सांगितलं, तिच्या आयनं बी सांगितलं."

गुरुजींनी लिहिलं.

परतताना जाईबाई पुढं पुढं चालत होती. ओढ्यापाशी पोरीनं तिचं लुगडं धरलं. नावं मिळवायची तिला आता चटक लागली होती.

"आजी, आज्जाचं नाव काय?"

आज्जाला जाऊन दहा वर्षं झाली होती. जाईबाईनं वाटेच्या मागं पाहिलं, पुढं पाहिलं. मग ओढ्याकाठच्या दगडावर बसून तिनं सुनेपुढं हात केला.

"दे त्यो आरसा हिकडं."