मी काय बोलत न्हाय

"अप्पा, दोनच वाक्यं बोला की. आईबद्दल तुम्ही नाही तर कोण बोलणार?"

बंडप्पा गिरणीच्या तोंडावरचं पीठ झटकत राहिले. "पोरी, मी दळणाचा माणूस. तुझ्या काकाला सांग. त्यो लई नटवून बोलतो."

"म्हणून तर तुम्ही बोला."

गिरिजाबाईला जाऊन वर्ष झालं होतं. उद्या तेर गावातल्या घरी पुण्यस्मरण होतं, आणि जेवणाआधी घरच्यांनी चार शब्द बोलायचे होते. बंडप्पांचा धाकटा भाऊ धुळाप्पा गेलेल्या प्रत्येक बाईला गंगा म्हणायचा, प्रत्येक बाप्याला वटवृक्ष. आपली गिरिजाही त्या सगळ्या बायांसारखीच होऊन बसेल, ही बंडप्पांना धास्ती होती. पण आपलं बोलायला तोंड उघडत नव्हतं.

शिवप्रिया पुण्यात लॅटिन शिकवायची. ती गव्हाच्या पोत्यावर टेकली. "रोमचे वक्ते एक युक्ती करायचे, अप्पा. 'या गोष्टीबद्दल मी बोलणारच नाही' म्हणायचे आणि म्हणता म्हणता सगळं सांगून टाकायचे."

बंडप्पांचा हात थांबला. "आन् ह्ये शिकायला तू पुण्याला गेलीस? तुझ्या आईनं जलमभर दुसरं काय केलं?"

दोघंही पोट धरून हसली. 'मी काय बोलत न्हाय' म्हणत गिरिजाबाई गिरणीच्या ढिल्या पट्ट्यापासून विहिणीच्या पातळ आमटीपर्यंत काही सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी धुळाप्पानं गंगा, चंदन, समई सगळं ओतलं. मग बंडप्पा उठले. टोपी नीट केली.

"मी काय बोलत न्हाय," ते म्हणाले.

बायकांत बसलेली शिवप्रियाची सासू दैवशाला फिस्सकन हसली.

"गरिबाच्या दळणात ती आपल्या डब्यातलं पीठ घालायची, आन् मी उंदरांवर डाफरायचो, त्ये बोलत न्हाय. विहीणबाईंच्या आमटीला नावं ठेवायची आन् दोन वाट्या प्यायची, त्ये तर मुळीच बोलत न्हाय."

सगळा मांडव हसला. बंडप्पाही हसले.

"दवाखान्यात तिची वाचा गेली. तवा हातानं माझ्या बाहीवरचं पीठ झटकत बसली. त्ये..." ते थांबले. "त्ये बी बोलत न्हाय."

आणि खाली बसले.

गिरिजाबाईच्या फोटोपुढं नैवेद्याचं ताट ठेवलं होतं. दैवशाला पदर सावरत उठली, आत गेली, आणि ताटातल्या आमटीच्या वाटीशेजारी तिनं दुसरी भरलेली वाटी ठेवली.