कापराच्या नळ्या

आमच्या घरात कापूर कधी पुरला म्हणून नाही. देवाला दोन वड्या, उरलेला सगळा ह्यांच्या भट्टीला. हे म्हणजे रत्नागिरीच्या कॉलेजातले फिजिक्सचे देवदत्त सर. कापराची वाफ भट्टीतून नेली की काजळी धरते आणि त्या काजळीत केसाहून हजारो पट बारीक, पोकळ नळ्या असतात म्हणे. एक्स-रेच्या मशीनमधली तार आधी लालबुंद तापवावी लागते, तेव्हा कुठे इलेक्ट्रॉन निघतात. ह्यांच्या नळ्या ते काम थंड राहूनच करतात, क्षणात चालू, क्षणात बंद, म्हणजे हलणाऱ्या माणसाचाही फोटो स्वच्छ.

हे वेड आर्यापायी लागलं. आमची लेक दोन वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला. धाप लागलेलं पोर टेबलावर स्थिर कसं राहणार? फोटो धूसर यायचा, पुन्हा काढायचा, परत धूसर. पोरगी वाचली, आता कॉलेजात जाते, पण तो धूसर फोटो ह्यांच्या डोक्यातून काही गेला नाही. मी आधी कौतुक केलं, मग भांडले, मग दमले.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या गणपतीतली. अडचण होती विजेची. नळ्या ज्या काचेच्या भांड्यात ठेवायच्या, त्यात हवेचा अंशही चालत नाही, म्हणून पंप सतत चालावा लागतो, आणि आमच्याकडे भारनियमन. लाइट गेली की सगळं मुसळ केरात. त्यात प्रिन्सिपॉलांना ह्यांची खोली कॉम्प्युटरच्या वर्गासाठी हवी होती. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस बघायला येणार होता. नळ्यांतल्या इलेक्ट्रॉननी भांड्यातला पडदा उजळतो, तो उजेड दोन दिवस अखंड दाखवलात तर काम पुढे नेऊ, म्हणाला. तसं झालं तर खोली राहणार, नाहीतर गेली. ह्यांनी डोकं लढवलं, गणपतीत भारनियमन नसतं, पण कॉलेज बंद. झालं! सगळं लटांबर आमच्या पावस गावच्या घरी.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. इकडे मोदक, पाहुणे, आणि देवाशेजारच्या खोलीत तो पंप घरघरतोय. पण खरं सांगते, भांड्यातल्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटला आणि सकाळपर्यंत जरासुद्धा हलला नाही, तेव्हा मीही देव पाण्यात घालून बसले.

कंपनीचा माणूस यायला एकच रात्र उरली होती, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादूबुवांचं भजनी मंडळ आलं. दरवर्षी येतं, पण यंदा त्यांच्याकडे नवा माईक होता. हे सतरंज्या अंथरत होते, मी चहाच्या आधणापाशी. मध्येच घरघर थांबली. हे धावत गेले. पंप बंद, पण भांड्याची वीज चालूच होती. ह्यांचा हात बटणापर्यंत पोचायच्या आधीच भांड्यात हवा शिरून ठिणगी पडली आणि ठिपका विझला. एवढ्या खटपटीच्या नळ्या जळून गेल्या.

"सर, ती पिन मी काढली," दादूबुवा दारातून म्हणाले. "माईकला जागा नव्हती. परत लावू?"

माझं टाळकं सणकलं. पण बुवांना काय ठाऊक, आणि गणपतीत दारी आलेल्या माणसाला बोलणार तरी काय? हे नुसतं 'असू दे' म्हणाले आणि झांजा घेऊन बसले. अख्खं भजन होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला बघवेना.

आरतीच्या वेळी हे उठले, भट्टीच्या कापराचा डबा घेऊन आले आणि तबकात मुठीमुठीने वड्या टाकायला लागले. जाळ वर चढला. मंडळी कौतुकाने बघत होती, सरांची केवढी भक्ती! मी ह्यांचं तोंड बघत होते. इतक्या वर्षांत मी शंभरदा म्हटलं असेल, आता पुरे करा. आता हे खरंच पुरं करायला निघाले होते.

मी पुढे झाले आणि डबा काढून घेतला.

"सगळा जाळू नका," मी म्हटलं. "उद्या लागेल."

"कुठे लावू भट्टी? खोली गेली आता."

"मागची पडवी आहे ना? लाकडं मी हलवते. तुम्ही तेवढं पंपाला वेगळं बटण करून घ्या."