फोटोत नसलेला ब्रेक

अमरसिंहदादांनी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन टेबलावर एक फोटो टाकला आणि म्हणाले, हे असंच पाहिजे. कुठल्याशा परदेशी बागेतला मनोरा, भोवती बारा खुर्च्यांचं कडं. कडं वर ओढायचं आणि सोडून द्यायचं, माणसं किंचाळत खाली. कसबा बावड्याच्या पुढं उसाचं रान मोडून दादांनी तसलीच बाग काढली होती. दसऱ्याला ती उघडायची आणि पहिल्या फेरीचा मान एका पुढाऱ्याला द्यायचा, असं ठरलेलं.

हे २००५ सालचं. मी दीक्षा, त्या वर्कशॉपमधली एकटी इंजिनिअर. पाळणा सुरक्षित आहे, या कागदावर सही माझी लागणार होती.

फोटो बघून यंत्र करायची आमच्या गावाला खोडच आहे. एकदा डोळ्याखालून गेलं की आमचे मिस्त्री ते ओततात, तासतात, उभं करतात. मला त्याचा अभिमानही आहे. पण फोटोत रंगरंगोटी दिसते, यंत्राच्या पोटातलं दिसत नाही. जोतीराम मिस्त्रींनी चाळीस फुटी मनोरा उभा केला, पण पडणारं कडं अडवायचा त्याचा ब्रेक वीज मिळाली तरच धरणारा. मी म्हटलं, उलटा हवा. लिफ्टला असतो तसा, स्प्रिंगचा. वीज असेतोवर उघडा राहील आणि ती गेली की आपोआप आवळेल. रोज सहा तास भारनियमन असलेल्या जिल्ह्यात एवढं शेंबड्या पोरालाही कळावं.

"फोटोत कुठं हाय असला ब्रेक?" दादांनी विचारलं.

मग म्हणाले, जनरेटर आणतो. जनरेटर सुरू व्हायला दहा सेकंद, खुर्च्या खाली यायला दीड. हे मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते मिस्त्रींकडं बघून हसले. बाईमाणूस भित्रं असतं, एवढंच त्यांना त्यातून समजलं.

शेवटी चाचणी घेतली. बारा खुर्च्यांत साठ-साठ किलोची वाळूची पोती बांधली. चार फेऱ्या झकास झाल्या. पाचव्या फेरीला कडं निम्म्यावर आलं आणि वीज गेली. खाली ट्रकचे टायर अंथरले होते, तरी सात पोती फुटली. एक तुटका बोल्ट मिस्त्रींच्या कानाजवळून गेला.

दादांनी बुटावरची वाळू झटकली.

"पोती फाटायचीच. माणसं घट्ट धरून बसत्यात. तुमच्या वस्तीतली बारा जणं आणा की मॅडम, ट्रायलला. दिवसाचा रोज देतो, जेवण देतो. नीट झालं की सही मारा."

मान पुढाऱ्याचा, आणि वाळूच्या जागी बसायला आमच्या बौद्ध वस्तीतली माणसं. माझ्या बाबांनी साखर कारखान्यात पोती वाहून मला शिकवलं होतं.

ठीक आहे, मी म्हटलं, पण कोण बसणार ते मी ठरवणार. वही ओढली आणि नावं लिहायला घेतली. पहिल्या खुर्चीत अमरसिंहदादा. दुसरीत त्यांचे पुढारी. तिसरीत संयोगिता, दादांची अकरावीतली मुलगी. तिथवर लिहून कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांचं बोट तिसऱ्या नावावर थांबलं.

"पोरीला कशाला घालताय ह्यात?"

"ट्रायलला वजन लागतंय की," मी म्हटलं.

दादांनी कागदाच्या चार घड्या करून तो खिशात घातला आणि स्प्रिंगच्या ब्रेकाला किती दिवस लागतील, ते मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री म्हणाले, महिना. म्हणजे दसरा हुकणार होता. तरी ते हो म्हणाले.

ब्रेक झाला. पाच वेळा मुद्दाम वीज तोडली, पाचही वेळा कडं धरलं गेलं. मग मी सही केली आणि माणसांच्या पहिल्या फेरीला स्वतः बसले. मिस्त्री म्हणाले, जिंकलीस की पोरी. कसली जिंकले? सात फुटकी पोती समोर पडली असताना त्या माणसाला काही दिसलं नव्हतं. दिसलं ते एक नाव. माझ्या वस्तीतल्या पोरींनाही नावं आहेत.