मागचा जिना

माझा आवाज मध्येमध्ये खरखरेल, मित्रांनो, तेवढं सांभाळून घ्या. मी एक व्हिडिओ कॅसेट आहे, आणि फार वेळा फिरून दमले आहे. माझ्या पोटात दोन चकत्या आहेत आणि त्यांवर काळी फीत गुंडाळलेली आहे. त्या फितीवर 'मागचा जिना' नावाचा एक भयपट आहे. मुखवटा घातलेलं कुणीतरी हातात सुरी घेऊन मुलींच्या वसतिगृहात शिरतं आणि एकेकीला गाठतं, अशी त्याची गोष्ट. तुमच्या वयाला हा सिनेमा नाही. पण माझी हकिकत तुम्ही ऐकू शकता.

कारखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ जणी तयार झाल्या. सिनेमा चालला नाही, म्हणून बहुतेकींवरचा तो पुसून दुसरं काही भरलं गेलं. मी वाचले, कारण मला एका व्हिडिओ लायब्ररीवाल्याने विकत घेतलं. सगळे त्याला काका म्हणत. दुकान एवढं अरुंद की दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाला बाहेर जावं लागे. भिंतभर फळ्या होत्या, आणि सर्वांत खालची फळी मुखवटे-सुऱ्यांच्या सिनेमांची होती.

काकांची एक पद्धत होती. नव्या माणसाला ते आधी 'सुट्टीतली शाळा' किंवा 'खाटकाची किल्ली' देत. हे दोन बघितल्याशिवाय पुढचं काही कळत नाही, असं त्यांचं मत. माणूस कॅसेट परत घेऊन आला की ते विचारत, घाबरलात कुठे? कुणी सांगे, खून झाला तेव्हा. त्याला ते तसलाच आणखी एक सिनेमा देत. पण कुणी म्हणालं की काहीच घडत नव्हतं, नुसतं दार अर्धं उघडं होतं, तेव्हा जास्त भीती वाटली, तर काका वाकून मला बाहेर काढत. सोबत 'रिकामा तरणतलाव'ही देत. हे फारसं कुणी पाहिलेलं नाही, म्हणत, पण बघताना घाई करू नका.

माझ्या बाबतीत घाई एकीनेच केली. ती काकांची बायको. तिला भयपटांचा तिटकारा होता आणि त्यांतला एकही तिने धड पाहिला नव्हता. त्यांची लेक पहिली पावलं टाकू लागली, तेव्हा लेकीच्या मामाने कॅमेऱ्याने ते टिपलं. ते भरून ठेवायला घरात कोरी कॅसेट नव्हती. काकांनी बघायला घरी आणलेली मी टीव्हीपाशी पडले होते. आमच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक पट्टी असते. ती तोडलेली असली की आमच्यावर नवं काही भरता येत नाही. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की येतं. तिने मला लावून पुढे पळवलं. माझ्या सिनेमात शेवटाआधी पडदा बराच वेळ काळा राहतो. तिला वाटलं, संपला. तिने चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं.

त्या काळोखानंतरच खुनी मुखवटा काढतो. तो चेहरा गेला, पाठोपाठची नामावलीही गेली. त्या जागी एक बाळ झबलं सावरत चटईवर चालू लागलं.

काका दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. पण मला फळीवरून काढायचं त्यांच्या जिवावर आलं. गिऱ्हाइकं मला नेत राहिली. एकाने तर परत येऊन सांगितलं की सिनेमा ठीक होता, पण शेवटच्या त्या बाळाने झोप उडवली.

मग माणसं दुकानात यायची थांबली. दुकान बंद झालं. मी खोक्यात गेले, खोकं माळ्यावर गेलं. तिथल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. धूळ बसते, फीत चिकटते, एवढंच.

एका दुपारी काकांनी मला खाली काढलं. दारात शिवणकाम करणाऱ्या एक मावशी उभ्या होत्या, बरोबर त्यांची सून. मावशींनी तरुणपणी 'मागचा जिना'चे कपडे शिवले होते. खुन्याचं काम करणारा माणूस मध्येच निघून गेला आणि त्याचा अंगरखा मावशींना बसत होता. म्हणून मुखवटा त्यांच्या तोंडावर चढला. शेवटच्या प्रसंगात तो उतरला तेव्हा चेहराही त्यांचाच होता. हे त्यांनी घरी अनेकदा सांगितलं होतं. मुलगा हसायचा. हल्ली त्यांनी सांगणंच सोडलं होतं. सून मात्र शोधत शोधत काकांपर्यंत आली होती.

काकांनी खाली बघत बाळाची गोष्ट सांगितली. मावशी म्हणाल्या, "असू दे. आहे तेवढा द्या."

सुनेने कुठून तरी जुनं यंत्र मिळवलं होतं. मुलगा सोफ्यावर पाय पसरून बसला. सुरीवाली आपली आई असेल तर आजपासून भाजीला मीठ कमी म्हणणार नाही, असं तो बायकोला म्हणाला. सून हसली नाही. मी फिरू लागले. चित्र थरथरत होतं, पण दिसत होतं. मुखवटा जिना चढला, उतरला, दारांमागे उभा राहिला. त्याच्याआड कोणीही असू शकलं असतं. पडदा काळा झाला आणि बाळ चालू लागलं. मुलगा उठला.

"थांबा," सून म्हणाली. तिने मला मागे घेतलं. स्वयंपाकघराच्या प्रसंगात मुखवटेवाली टेबलावर सुरी ठेवते. ठेवण्याआधी ती दोन्ही बाजूंनी कमरेला पुसते, आणि पातं स्वतःकडे घेऊन मूठ समोरच्या बाजूला करते.

"आई, तुम्ही माझ्याकडे कात्री अशीच सरकवता. रोज."

मुलगा पुन्हा खाली बसला. त्याने सुनेच्या हातातून रिमोट घेतला आणि तेवढंच पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"त्याच्यावरून दिग्दर्शक ओरडला होता माझ्यावर," मावशी म्हणाल्या. "म्हणे, खुनी कधी मूठ पुढे करतो का. काय करणार, हाताला वळणच ते."

मुलाने मला परत मागे घेतलं.

मित्रांनो, एकाच जागी इतकी फिरले की त्या जागेवरची माझी फीत आता पांढरी पडली आहे. पुढच्या खेपेला तो हात दिसेलच, असं मी सांगू शकत नाही. म्हणून एवढंच मागते. तुमच्या घरातलं कुणी आपल्या जुन्या कामाबद्दल सांगत असेल, तर आधी हसू नका. शोधा, धूळ पुसा, लावून बघा. आम्ही आहोत तोवर दाखवू. पण आम्ही फार दिवस नाही.