टाचेनंतरचा दीड सेकंद

मास्तरांची गिटार बारा वर्षं वाजली ती मास्तरांच्या बोटांवर आणि खटकाच्या गुडघ्यांवर. गुडघ्यांवर म्हणजे अगदी शब्दशः. स्टेजच्या मागे, स्पीकरच्या आडोशाला एक बुटकं टेबल, त्यावर ओळीनं आठ पेडलं आणि त्यांच्यापुढे उकिडवी बसलेली ही बाई. कुठल्या पेडलानं आवाज फाटतो, कुठल्यानं घुमतो, कुठल्यानं लांबतो, सगळं तिच्या बोटांना पाठ. मास्तरांना एका वेळी तीन पेडलं दाबायला पाय पुरायचे नाहीत. देवानं दोनच दिलेत, आणि त्यातल्या एकावर उभं राहावं लागतं! म्हणून बदल हवा तिथं मास्तर उजवी टाच आपटायचे आणि मागे ही दोन पेडलं बंद करून तिसरं चालू करायची. खट, खट, खट. त्यावरून नाव पडलं खटका. खरं नाव विचारलंत तर अख्खा वाद्यवृंद डोकं खाजवेल.

दिवसा ती रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करायची. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, एकटीचा संसार. आणि आता आडपडदा कशाला ठेवायचा? खटकाचा मास्तरांवर जीव होता. मास्तरांचं लग्न ती यायच्या कितीतरी आधी झालेलं आणि वहिनी लाखात एक, त्यामुळे त्या जिवाला जायला वाटच नव्हती. तिनं ती कधी मागितलीही नाही. महिन्यातून चार कार्यक्रम, त्या माणसाच्या मागे सहा हातांवर बसायचं आणि त्याच्या टाचेकडे कान लावायचा, एवढंच तिचं मागणं. पोट भरत नव्हतं, पण ताट समोर होतं.

ते ताट उचललं वहिनींनी. आणि तेही मायेनं.

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दुपारची तालीम चालायची. एके दिवशी वहिनी जिना चढून आल्या त्या एक खोकं कवटाळूनच.

"खटका, बघ तुझ्यासाठी काय आणलंय!"

खोक्यातून निघाली एक काळी पेटी, बटणांची एक लांब पट्टी आणि दोघींना जोडणारी जाडजूड केबल, मिडीची.

"तुझे गुडघे बघवत नाहीत गं मला," वहिनी म्हणाल्या. "परवा उठताना टेबलाला धरून उठलीस. आता बास झालं. ही पट्टी यांच्या पायाशी, पेटी मागे. एक बटण दाबलं की सगळी पेडलं आपली आपण बदलतात म्हणे. तू ऐटीत माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसायचं. आणि नाहीच जमलं तर आठ दिवसांत परत घेईन म्हणालाय दुकानदार."

"अहो वहिनी, एवढं कशाला..." खटका पुटपुटली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मारणारा आपल्या गुडघ्यांची काळजी करत असला की ओरडायचीही सोय नाही.

आणि ती पेटी जुळवायची कुणी? खटकानंच. दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं आठही पेडलांच्या वायरी पेटीत खोचल्या. त्या मिडीच्या केबलमधून सूर जात नाही बरं का, नुसता हुकूम जातो. पट्टी म्हणते, "चार नंबर." पेटी चार नंबरच्या रकान्यात बघते, कोण आत, कोण बाहेर, आणि सुराची वाट एका झटक्यात बदलते. मास्तरांच्या गाण्यांत असे अडतीस बदल होते. अडतीस रकाने तिनं स्वतःच्या हातानं भरले.

पहिल्याच तालमीत फजिती झाली. चार नंबरचं गाणं अंगाईसारखं हळुवार. मास्तरांनी बटण दाबून तार छेडली आणि तिसऱ्या गाण्याचा असा दणदणाट उठला की ड्रमवाला स्टुलावरून उडाला. खालून शिंपी ओरडला, "अहो, बाही फाटली माझी!" झालं होतं एवढंच, की पट्टी मोजत होती एकपासून आणि पेटी शून्यापासून. असली भांडणं मिटवणं हा खटकाच्या हातचा मळ. संध्याकाळपर्यंत दोघींचे आकडे जुळले.

आकडे जुळले, पण मास्तरांच्या कपाळावरची आठी काही जाईना.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले, "पण पेटी घाई करते. टाच टेकते न टेकते तोच सूर कापते. आपलं बोलणं पुरं व्हायच्या आत समोरचा 'हो, हो' म्हणतो ना, तसं. तू असं करत नव्हतीस."

"मग मी काय करत होते?"

"ते मला काय माहीत? मी पाठमोरा असायचो."

पाच दिवस असेच गेले. मास्तर अडखळायचे, थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. खटका गप्प. तिला नुसतं गप्पच तर राहायचं होतं! आठ दिवस भरले की पेटी जाईल दुकानात आणि ती आपल्या टेबलामागे. सहाव्या दिवशी मास्तरांनी गिटार खाली ठेवली आणि म्हणाले, "परवा देऊन टाकू परत."

खटकाला आनंदाची अशी उकळी फुटली की तिला स्वतःचीच लाज वाटली.

मास्तर मात्र आपल्या हातांकडे बघत होते. "पेटी काही चुकत नाही. तुझ्या जुळवणीतही चूक नसते. म्हणजे चुकतोय मीच. साठीला आलो, खटका. बोटं मंदावली माझी. इतकी वर्षं तू सांभाळून घेत असशील, म्हणून कळलं नाही."

उकळी जागच्या जागी विरली. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण पुराव्याशिवाय नाही तरी कसं म्हणायचं? आणि पुरावा द्यायचा म्हणजे पेटीतली खोट शोधून काढायची, मग पेटी राहणार, हेही तिला लख्ख दिसत होतं. पण तो माणूस आपल्या बोटांकडे अशा नजरेनं बघत राहणार असेल, तर त्याच्या मागे बसण्यात कसलं आलंय सुख?

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं आणि कार्यक्रमांची जुनी रेकॉर्डिंग काढून बसली. मास्तरांची टाच त्यांत साफ ऐकू येत होती. टाचेपासून पेडल बदलेपर्यंत किती वेळ जातो, ते ती एकेक करून मोजत गेली. जलद गाण्यांत पाव सेकंद. संथ गाण्यांत अर्धा. म्हणजे टाच वाजल्यावर ती लगेच दाबतच नव्हती. सूर पुरता मावळायची वाट बघत होती, आणि हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

मग शेवटची धून आली. तिच्या अखेरीस पेडलानं धरून ठेवलेला एक सूर असतो, टाच वाजली की तो बंद करायचा. तिथं वेळ निघाला दीड सेकंद. तिनं दुसरं रेकॉर्डिंग लावलं, तिसरं लावलं. सगळीकडे दीड. तो सूर संपला की दिवे लागणार, वायरी गुंडाळायच्या आणि मास्तर वहिनींबरोबर घरी जाणार. बारा वर्षं ती तेवढं लांबवत आली होती. त्या दीड सेकंदापुरता तो माणूस तिचा होता. खटका हेडफोन काढून बराच वेळ रडली, मग तोंड धुऊन उठली.

हुकूम आल्यावर किती थांबायचं, हे पेटीला सांगायची सोय होती. अडतीसही रकान्यांपुढे तिनं आकडे घातले. शेवटच्या रकान्यात दीड.

आठव्या दिवशी मास्तरांनी एक गाणं वाजवलं, मग दुसरं, आणि लहान मुलासारखे हसले. "अगं, ही आता बोलणं पुरं होऊ देते! म्हणजे बोटं ठीक आहेत माझी?"

"ठणठणीत आहेत. खोट पेटीत होती."

"काय केलंस?"

"काही नाही, दोन आकडे बदलले."

पुढच्या कार्यक्रमाला ती नवी साडी नेसून पहिल्या रांगेत वहिनींशेजारी बसली. बारा वर्षांत स्टेजवर वाजवणाऱ्या मास्तरांची तिनं पाठच पाहिली होती, चेहरा आज पहिल्यांदा बघत होती. बघून भूक भागेना. मांडीवरची बोटं बदल आला की आपोआप दाबली जायची, तर तिनं ती पदराखाली घेतली. पेटी कुठंच चुकली नाही.

शेवटची धून झाली. टाच वाजली. सूर तसाच तरंगत राहिला. मास्तरांनी तारांवरून हात उचलला, मान वर केली आणि पहिल्या रांगेकडे, थेट वहिनींकडे बघून हसले. सूर असेपर्यंत बघत राहिले. मग पेटीनं तो मिटवला.

वहिनींनी खटकाचा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघितलंस? टाच वाजली तरी तो सूर थांबत नाही. माझ्यासाठी लांबवतात गं ते. तोंडानं कधी बोलले नाहीत, पण बारा वर्षं दर कार्यक्रमाला. बायकोला कळतंच ना? बाकी काही नाही मिळालं तरी चालेल, एवढ्यासाठी मी येते."

खटकानं पदराखालून दुसरा हात काढून वहिनींच्या हातावर ठेवला.

"हो वहिनी," ती म्हणाली, "छान लांबवतात." आणि सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवू लागली.